घट

हुपरीत चांदी मोजून देतात, मोजून घेतात.
सोमवारी किलोभर तार आणली,
शनिवारी साखळ्या परत केल्या,
मधे कमी भरली ती घट.
घटीचाही हिशोब ठरलेला.
त्याहून जास्त गेली तर मालक नुसता बघतो,
बोलत नाही.

बावीस वर्षं कड्या जोडते, डाख देते.
माझी घट कधी चुकली नाही.

आणि माझंच वजन अकरा किलोनं वाढलं.
खाणं दीड भाकरीवर आलेलं,
दिवस मावळायच्या आत ताट धुतलेलं,
तरी ही आवक कुठून?
थोरल्या जाऊबाई पलीकडं सांगत होत्या,
"चोरून खाती काय की."

चैत्रात फुंकणीसमोर बसून मला थंडी वाजायची.
ज्योतीखाली चांदी पाण्यासारखी पळायची
आणि मी आत स्वेटर घातलेली.
टाचा फुटल्या. फणीत केस. आवाज बाप्याचा.
पाळी आली की जायचं नाव घेईना.
एकदा कड्या मोजताना सत्तावीसच्या पुढं काय
ते आठवेना,
बराच वेळ.
घरात नवं नाव पडलं, सुस्त.
मीही तेच लावून घेतलं.

केएमटीनं एकटीच सीपीआरला गेले.
शिर्के मॅडम, माझ्या थोरलीच्या वयाच्या,
मागं उभ्या राहून गळा चाचपत म्हणाल्या,
"आवंढा गिळा."
गिळायला बरेच होते.

चार दिवसांनी कागद. टीएसएच अठ्ठेचाळीस.
पाचाच्या आत हवं म्हणे.
मी म्हटलं, "एवढं? मग गाठ लईच राबती म्हणायची."
मॅडम हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या.
"हा आकडा गळ्यातल्या ग्रंथीचा नव्हे, मावशी.
मेंदूच्या बुडाशी दुसरी एक बसलीय,
ती हिला हाक मारते, कामाला लाग.
ही ओ देत नाही, म्हणून ती मोठ्यानं.
तरी नाही, म्हणून आणखी मोठ्यानं.
अठ्ठेचाळीस म्हणजे ते ओरडणं.
ग्रंथी आळशी नाही, जायबंदी आहे.
तुमच्याच अंगातले राखणदार
तिला चोर समजून मारतायत."

दसरा चौकात दोन बसा सोडल्या.
उभीच राहिले.

गोळी पन्नास मायक्रोग्रॅमची.
औषधवाल्याला विचारलं, म्हणजे किती?
ग्रॅमचा हजारावा भाग मिलिग्रॅम, इथवर मला ठाऊक.
त्याचाही हजारावा.
असे पन्नास.
आमच्या दारातला गाळ धुऊन
चांदीचा कण न् कण काढणारा झारेकरी,
त्याच्याही पाटीत सापडायचं नाही एवढं.
काचेच्या पेटीतला काटा श्वासानं हलतो,
तोसुद्धा हलला नसता.
एवढ्याशावर मी बावीस वर्षं बसून काम केलं,
एवढ्याशावाचून बसले.

पहाटे उठते. उपाशीपोटी गोळी, मग तासभर चहा नाही.
डबी वजनांच्या पेटीत ठेवलीय,
पाच ग्रॅमच्या शेजारी.
सहा आठवड्यांनी आकडा अकरा.
टाचा अजून तशाच. जाऊबाईही.
पण परवा सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस
असं सरळ मोजत गेले
आणि मधेच हात थांबला.

आई.
रेंदाळची माझी आई,
उन्हाळ्यात उन्हाला शाल घेऊन बसणारी.
हाक मारली की इतक्या उशिरा वळायची
की तोवर आम्ही चिडलेलो असायचो.
मठ्ठ म्हणायचो. तोंडावर.
मी सगळ्यात मोठ्यानं.

भिंतीवरनं फोटो काढला, दारात उजेडाला नेला.
गळा बघायचा होता.
त्या दिवशी फोटोवाल्यानं सांगितलं असेल,
नीट बसा आजी, पदर घ्या.
पदर हनुवटीपर्यंत आलाय.
काही दिसत नाही.